परकायाप्रवेश आणि परतीची हाक

पुस्तक दुसऱ्यासाठी मोठ्याने वाचण्याच्या क्रियेला मराठी शाळेच्या परिभाषेत ‘प्रकट वाचन’ असे नाव आहे आणि ओठ न हलवता केलेल्या वाचनाला ‘मूक वाचन’ म्हणतात. घरातली भाषा मात्र यांपैकी एकही शब्द वापरत नाही, ती ‘वाचून दाखवणे’ असे म्हणते. या साध्या संयुक्त क्रियापदात एक लक्षणीय गोष्ट दडलेली आहे. वाचणाऱ्याचा आवाज कानाने ऐकला जातो, तरीही भाषेने त्या क्रियेच्या शेवटी डोळ्याचे क्रियापद जोडले आहे, जणू आवाजाचे काम ऐकवण्यापाशी संपत नाही, काहीतरी दृष्टीसमोर उभे करण्यापर्यंत ते जाते. ‘करून दाखवणे’, ‘निभावून दाखवणे’ या प्रयोगांत तर हेच क्रियापद बोललेल्या गोष्टीची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेण्याचा अर्थ देते. चित्रपुस्तकाच्या, म्हणजे ज्यात चित्र ही मजकुराची सजावट नसून कथनाचा निम्मा भार तेच वाहते अशा पुस्तकाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकदम खरे ठरतात. वाचणारा डोळ्यांपुढे काही धरतो आणि त्याच वेळी जे धरले आहे त्यासाठी आपला आवाज तारण ठेवतो.

गेल्या काही दशकांत भारतात अशी चित्रपुस्तके वाढत गेली आहेत की ज्यांत ऐकणाऱ्या मुलाच्या घरात नसलेला देव, त्याच्या ताटात नसलेले अन्न, त्याच्या वाट्याला न आलेले दुःख किंवा त्याने कधी न ऐकलेली भाषा येते. त्यांचा उद्देश सामान्यतः शिक्षणशास्त्राच्या भाषेत सांगितला जातो: शब्दसंपत्ती वाढावी, सहानुभूती रुजावी, पूर्वग्रह सुटावेत. या उद्देशांविषयी वाद नाही. परंतु त्यांच्या मागे असलेला प्रश्न शिक्षणाचा कमी आणि धर्मचिंतनाचा अधिक आहे. एका परंपरेत वाढणाऱ्या मुलाला दुसऱ्या परंपरेतील माणसाची गोष्ट त्याच्या स्वतःच्या आईच्या, वडिलांच्या किंवा आजोबांच्या आवाजात ऐकवणे म्हणजे नेमके काय करणे होय? त्यात परका आपला होतो, आपला परका होतो, की या दोहोंखेरीज तिसरेच काही घडते?

हा प्रश्न कल्पनेत उभा करण्याची गरज पडू नये अशा ठिकाणांपैकी एक म्हणजे बंगळूरच्या पूर्वेला जुन्या मद्रास रस्त्यावर वसलेले कृष्णराजपुरम, अर्थात के. आर. पुरम. १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कारखान्यामुळे शेजारी दूरवाणीनगर उभे राहिले, रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या शेडने आणि जंक्शनाने निरनिराळ्या प्रांतांतले कर्मचारी आणले, पुढे व्हाइटफील्डच्या संगणक उद्योगाने देशभरातील तरुण कुटुंबे या पट्ट्यात ओढून आणली आणि २०२३ साली मेट्रोची जांभळी मार्गिका पोहोचल्यावर हा उपनगरी भाग शहराशी आणखी घट्ट बांधला गेला. येथील एका इमारतीच्या जिन्यात कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, उर्दू, हिंदी, बंगाली आणि मराठी अशा भाषा एकमेकींना ओलांडून जातात. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यान्वये शाळांतून कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवली जाते, देवनागरी अक्षरे भेटली तर ती बहुधा हिंदीच्या वाटेने भेटतात, आणि त्यामुळे मराठी घरातील मुलाची मराठी ही कानाची व जिभेची भाषा म्हणून जगते, डोळ्याची भाषा म्हणून तिला फारशी संधी मिळत नाही. अशा मुलासाठी वाचून दाखवणे ही स्वतः वाचू लागण्यापूर्वीची तात्पुरती पायरी नसते. मराठी पुस्तकापर्यंत जाण्याचा तो अनेकदा एकमेव रस्ता असतो.

ही बहुभाषिकता बंगळूरला नवी नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या येथील दरबाराचे वर्णन करणाऱ्या जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त (चंपू म्हणजे गद्य आणि पद्य यांचे मिश्रण असलेले काव्य) अनेक भाषांतील कवी राजापुढे समस्या, म्हणजे पूर्ण करण्यासाठी दिलेल्या काव्यपंक्ती, मांडताना दिसतात, वि. का. राजवाड्यांनी १९२२ साली हा ग्रंथ संपादून मराठी वाचकांपुढे आणला. तेथे बहुभाषिकता हे दरबाराचे वैभव होते, आज ती जिन्यातली रोजची गरज आहे. याच शहरात २००४ साली ‘प्रथम बुक्स’ ही ना-नफा प्रकाशनसंस्था सुरू झाली आणि ८ सप्टेंबर २०१५ रोजी, आंतरराष्ट्रीय साक्षरतादिनी, तिने ‘स्टोरीविव्हर’ हा खुल्या परवान्याचा ग्रंथसंग्रह उघडला. खुला परवाना म्हणजे मूळ कर्त्यांचे श्रेय देऊन कोणालाही गोष्ट वाचता, छापता, भाषांतरित करता यावी अशी आगाऊ दिलेली अनुमती. आज तीनशेहून अधिक भाषांत पसरलेल्या या संग्रहात एकच चित्र कन्नड मजकुराखाली आणि मराठी मजकुराखाली जसेच्या तसे राहते; चेन्नईच्या ‘तूलिका’ने काढलेल्या द्विभाषी पुस्तकांत तर दोन लिप्या एकाच पानावर शेजारी बसतात. के. आर. पुरमच्या एकाच मजल्यावरील दोन घरांत त्यामुळे एकच पान दोन आवाजांत वाचले जाऊ शकते. चित्र स्थिर आणि आवाज बदलता, ही रचना पुढील विवेचनाच्या मुळाशी आहे.

विविधतेच्या पुस्तकांविषयीची जगभरची चर्चा मुख्यतः एका प्रतिमासमूहावर उभी आहे. अमेरिकेतील अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मांडले की पुस्तके मुलांसाठी आरसे असतात, खिडक्या असतात आणि सरकती काचेची दारेही असतात. आरशात मूल स्वतःला पाहते, खिडकीतून दुसऱ्याचे जग पाहते आणि दारातून कल्पनेने त्या जगात पाऊल टाकते. ज्या कृष्णवर्णीय मुलांना पुस्तकांत आपला चेहरा सापडतच नव्हता त्यांच्या बाजूने केलेली ही मांडणी आजही मोलाची आहे. मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांनी मध्यमवर्गीय घरातला साधा व्यवहार चित्रपुस्तकात आणला तेव्हा तो महाराष्ट्रातील अनेक मुलांसाठी आरसा ठरला, पण तेच पुस्तक के. आर. पुरममध्ये उघडले की राधाचे घर ही खिडकी होते, कारण तेथील मराठी मुलाला ओळखीची असलेली नात्यांची संबोधने त्यात असली तरी भोवतालचा गाव दुसरा असतो. म्हणजे आरसा कोणता आणि खिडकी कोणती हे पुस्तकात ठरत नाही, ते बसण्याच्या जागेवरून ठरते. शिवाय आरसा, खिडकी आणि काचेचे दार ही तिन्ही रूपके डोळ्याची आहेत. तिन्हीत काच आहे आणि काच आवाज अडवते. वाचून दाखवण्याच्या क्रियेत जो कान आणि जे मुख गुंतलेले असते, त्याला या रूपकांत जागा नाही. ती जागा शोधण्यासाठी भारतीय परंपरेकडे वळणे युक्त ठरते.

चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची रीत येथे फार जुनी आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त, आजारी पित्याच्या भेटीसाठी राजधानीत शिरणाऱ्या हर्षाला बाजाराच्या रस्त्यावर यमपट्टिक दिसतो, यमपट्टिक म्हणजे यमलोकाची चित्रे रंगवलेला पट उभा करून त्यातील प्रसंग काठीने दाखवत सांगणारा मनुष्य. बाणाने त्याच्याभोवती गोळा झालेल्या कुतूहलाने भारलेल्या मुलांचा उल्लेख आवर्जून केला आहे, आणि तो उल्लेख दोन कारणांनी महत्त्वाचा आहे: एक, चित्रकथनाचा श्रोता म्हणून मूल तेव्हाही गृहीत होते, दुसरे, त्याला दाखवली जाणारी गोष्ट मृत्यूची होती, सोयीची नव्हती. बाराव्या शतकात कल्याणीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणच्या, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्या चित्रकथकाची नोंद आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने हीच परंपरा चित्रकथी या नावाने आजवर टिकवली. एका कथेच्या सुट्या चित्रांच्या गठ्ठ्याला तेथे ‘पोथी’ म्हणतात, चित्रे एकामागून एक श्रोत्यांपुढे धरली जातात आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने गाइली जातात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. ज्या समाजाला गावाच्या उतरंडीत वरचे स्थान नव्हते त्याच्या हातात देवांची चित्रे होती आणि त्याच्या कंठातून देवांचा आवाज निघत होता, ही गोष्ट चित्रकथनाच्या स्वभावाविषयी पुष्कळ काही सांगते: चित्रातला देह कोणाचाही असो, काही काळ त्यात शिरण्याची मुभा आवाजाला असते.

या शिरण्याला भारतीय परंपरेत एक जुने नाव आहे, परकायाप्रवेश, म्हणजे स्वतःचा देह बाजूला ठेवून चित्ताने दुसऱ्याच्या देहात जाणे. पतंजलीच्या योगसूत्रांतील तिसऱ्या पादात, जेथे योगाने प्राप्त होणाऱ्या सिद्धींचा विचार आहे, तेथे या प्रवेशासाठी दोन अटी सांगितल्या आहेत: बंधाच्या कारणाचे शैथिल्य, म्हणजे ज्या सवयींनी चित्त आपल्याच देहाशी जखडलेले असते त्या सैल होणे, आणि प्रचाराचे संवेदन, म्हणजे चित्ताच्या येण्याजाण्याच्या वाटा नीट ठाऊक असणे. सिद्धी म्हणून या वचनाचे काय करायचे हा वेगळा प्रश्न. मात्र दुसऱ्याची गोष्ट स्वतःच्या आवाजात उच्चारण्याचे वर्णन म्हणून या दोन अटी विलक्षण नेमक्या आहेत. मूक वाचनात वाचकाला पुस्तकापासून अलिप्त राहता येते, नापसंत ओळीवरून डोळा घसरू देता येतो. प्रकट वाचनात ही सोय राहत नाही. गोष्ट प्रथमपुरुषी असेल तर पुस्तकातला ‘मी’ वाचणाऱ्याच्याच तोंडून निघतो, आणि एका घरातली आई काही मिनिटे नमाजाला निघालेल्या मुलाचा किंवा कचरा वेचणाऱ्या मुलीचा ‘मी’ होते.

पहिली अट किती अवघड आहे हे अन्नाच्या गोष्टींत विशेष जाणवते. हैदराबादच्या ‘अन्वेषी’ या स्त्री-अभ्यास केंद्राने २००८ साली ‘डिफरंट टेल्स’ ही मालिका आणली, जिच्यात दलित, मुस्लिम आणि इतर वंचित घरांतील बालपण त्या घरांना आतून ओळखणाऱ्या लेखकांनी लिहिले. मोहम्मद खदीर बाबू यांची बकऱ्याच्या मुंडीच्या रश्शाभोवती फिरणारी कथा तिच्यात आहे. शाकाहारी घरात ही कथा वाचून दाखवताना शब्द जसेच्या तसे उच्चारले जातील, पण एखाद्या वाक्यापाशी स्वर किंचित आखडेल, वेग वाढेल, पान जरा लवकर उलटले जाईल. आणि मूल गोष्टीतील शब्दांपेक्षा हा बदल आधी टिपेल. रश्शाची वाट पाहणाऱ्या घराचा आनंद आवाजात उतरला नाही तर पुस्तकाने शिकवलेले समत्व आवाजाने पुसून टाकलेले असते. बंधाचे शैथिल्य याचा येथील अर्थ स्वतःचा आहार किंवा आचार सोडणे असा होत नाही. दुसऱ्याच्या आनंदाला आपल्या किळसेची किंमत मोजायला न लावणे, एवढाच तो आहे. दुसरी अट, वाटांचे ज्ञान, वरकरणी किरकोळ वाटते, पण तीत आदराचा व्यावहारिक भाग आहे: कन्नड गोष्टीतील ‘अज्जी’ला अज्जीच म्हणणे, ‘केरे’ म्हणजे तळे हे सांगूनही केरे हा शब्द कानावर राहू देणे, दुसऱ्याच्या सणाचे आणि माणसाचे नाव वाचण्यापूर्वी एकदा विचारून घेणे. ज्या भागात असे विचारण्यासाठी शेजारचे दार पुरेसे असते, तेथे हे ज्ञान नसणे ही केवळ आळसाची बाब ठरते.

आवाजाची शक्ती मात्र तिच्याच दोषाला जन्म देते. ओळखीचा आवाज जे उच्चारतो ते ओळखीचे करून टाकतो. आईच्या मराठीत बोलणारा गोंड मुलगा हळूहळू मराठी घरातल्या मुलासारखा वाटू लागतो आणि त्याचे वेगळेपण प्रेमाच्या उबेत विरघळते. येथे चित्राचे कार्य सुरू होते. आवाज आत शिरतो, चित्र मात्र दुसऱ्याचा देह म्हणून समोर उभे राहते, आणि त्या देहाची ठेवण आवाजाच्या इच्छेने बदलत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ हे २०११ साली ‘नवयान’ने प्रसिद्ध केलेले चित्रकथेचे पुस्तक फार लहान मुलांसाठी नसले तरी या दृष्टीने मननीय आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी त्यातील पात्रांना चौकटींत कोंडण्याचे नाकारले आणि संवादांच्या फुग्यांनाही अर्थ दिला: सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, जातीचे विष असलेले बोलणे विंचवाच्या नांगीचा आकार घेते. लहानग्या भीमाला पाणी नाकारणारी वाक्ये वाचणाऱ्याने कितीही मवाळ स्वरात उच्चारली तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढची नांगी लपत नाही. आवाज जे सौम्य करू पाहतो ते चित्र कठोर ठेवते. आवाज जे आपलेसे करतो ते चित्र त्याच्या मूळ मालकाकडे परत देते. परकायाप्रवेशाच्या भाषेत सांगायचे तर काया चित्राची आहे, प्रवेश आवाजाचा आहे, आणि या दोहोंचे अंतर मिटले तर प्रवेश या शब्दालाच अर्थ उरत नाही.

या निष्कर्षाला परंपरेतूनच दोन गंभीर प्रतिपक्ष उभे राहतात. पहिला अभेदाचा, म्हणजे सर्व भेद अखेर मिथ्या आहेत या भूमिकेचा. वारकरी संतांनी भेदाभेदाला भ्रम म्हटले आणि त्या वचनाने महाराष्ट्राच्या मनाला शतकानुशतके धीर दिला. मग मुलाला भेद दाखवायचेच कशाला, सारे एकच आहेत एवढे सांगितले की झाले, असे कोणी म्हणू शकेल. यावर इतिहासाचे उत्तर असे की अभेदाचे वचन गात गात वारी ज्या मंदिरापाशी पोहोचत होती त्या पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. अभेदाचे तत्त्व खोटे होते असे यातून सिद्ध होत नाही. भेद कोणाच्या अंगावर कसा पडतो हे न पाहता उच्चारलेला अभेद दाराबाहेरच्याला दिसेनासा करतो, एवढे मात्र दिसते. साने गुरुजींनीच पुढे धरलेली आंतरभारतीची कल्पना, म्हणजे प्रांतोप्रांतींच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा आणि साहित्य शिकावे हा विचार, याच जाणिवेतून आलेला आहे: एकता ही ओळखीनंतरची गोष्ट आहे, ओळखीऐवजीची नव्हे. मंदिरप्रवेशात दुसऱ्याला आत येऊ द्यायचे असते. गोष्टीच्या प्रवेशात आपण उठून दुसऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत जायचे असते, आणि तेथे चप्पल काढण्याची पाळी आपली असते.

दुसरा प्रतिपक्ष अनेकान्ताचा. अनेकान्त म्हणजे वस्तूला अनेक बाजू असल्याने कोणतेही एक विधान तिचे पूर्ण वर्णन करू शकत नाही, हे जैन दर्शनाचे मत. त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे हत्ती आणि आंधळे यांची कथा. ती बौद्धांच्या ‘उदान’ ग्रंथातही आहे आणि मराठीत महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’तही ती आलेली आहे. जगभरच्या चित्रपुस्तकांची ही आवडती कथा आहे आणि विविधतेचा धडा म्हणून ती पुनःपुन्हा सांगितली जाते. परंतु चित्रपुस्तकात तिच्यात एक अडचण उत्पन्न होते: पानावर संपूर्ण हत्ती रंगवलेला असतो. आंधळे शेपटीला दोरी आणि पायाला खांब म्हणत असताना पुस्तक पाहणारे मूल सगळा हत्ती पाहते, आणि त्यामुळे ते नकळत त्या एकमेव डोळसाच्या जागी जाऊन बसते ज्याला इतरांचे अपुरेपण दिसते. विविधतेच्या पुस्तकांचा हा सूक्ष्म धोका आहे. दर आठवड्याला नव्या धर्माचे, नव्या प्रांताचे पुस्तक ऐकणारे मूल सर्वांना समजून घेणारे आणि स्वतः मात्र कोणाच्या चित्रात नसणारे असे होऊ शकते. शेजारच्या तमिळ किंवा उर्दूभाषक घरात वाचल्या जाणाऱ्या एखाद्या पुस्तकातले परके घर मराठी असू शकते, आपले जेवण आणि आपले देव हाही कोणाच्या तरी हाताला लागलेला हत्तीचा एक अवयव आहे, हे त्या मुलाला उमगले तरच अनेकान्त पुरा होतो.

‘दृष्टांतपाठा’ची रचना आणखी एका कारणाने उपयोगी आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात केसोबासांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात ११४ दृष्टांत असून प्रत्येकाची तीन अंगे आहेत: आधी चक्रधरस्वामींचे सूत्र, मग ते सूत्र पटवणारी छोटी गोष्ट म्हणजे दृष्टांत, आणि शेवटी त्या गोष्टीचा सिद्धांताशी मेळ घालणारे दार्ष्टांतिक, जे केसोबासांचे आहे. म्हणजे गोष्ट आणि तिचा अर्थ यांच्यामध्ये एक फट आहे आणि ती फट भरणारा मनुष्य वेगळा आहे. आजच्या अनेक हेतुपूर्ण चित्रपुस्तकांत ही फट उरतच नाही. शेवटच्या पानावर सर्व मुले हात धरून उभी असतात आणि सर्व समान असल्याचे वाक्य खाली छापलेले असते. अशा पुस्तकात दार्ष्टांतिक आधी ठरते आणि दृष्टांत त्याच्या मापाने बेतला जातो. वाचून दाखवण्याच्या कलेत याउलट शेवटच्या ओळीनंतरची शांतता राखणे येते, जिच्यात मूल चित्राकडे परत जाते, कोपऱ्यात उभ्या असलेल्या आणि मजकुरात उल्लेख नसलेल्या माणसाविषयी विचारते, त्या बाईचे डोके झाकलेले का आहे, हा मुलगा शाळेच्या वेळी बाहेर का आहे, असे अडचणीचे प्रश्न काढते. उपनिषदांनी ज्ञानाच्या वाटेवर श्रवणानंतर मनन ठेवले, म्हणजे ऐकलेल्याचा स्वतःच्या बुद्धीने केलेला विचार. ऐकवणाऱ्याने लगेच अर्थ सांगितला तर मननाची जागाच उरत नाही. त्या मुलाचे दार्ष्टांतिक कच्चे, क्वचित चुकीचेही असेल, परंतु ते त्याचे स्वतःचे असेल.

आता अधिकाराचा प्रश्न. वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे, म्हणजे ग्रंथाचा अधिकारी कोण, विषय कोणता, त्यांचा संबंध काय आणि प्रयोजन काय ही चार गोष्टींची जुळणी. तेथे अधिकार विचारला जातो तो ऐकणाऱ्याचा. आजच्या चर्चेत बाण उलट दिशेने फिरला आहे आणि अधिकार विचारला जातो तो सांगणाऱ्याचा: ज्याने ते दुःख भोगले नाही त्याने ते लिहावे का, रंगवावे का? शतकानुशतके ज्यांना ऐकण्याचाही अधिकार नाकारला गेला त्यांनी सांगण्याच्या अधिकाराविषयी दक्ष असणे न्याय्यच आहे, आणि ‘डिफरंट टेल्स’ किंवा व्याम दांपत्याचे काम यांचे बळ त्या दक्षतेतच आहे. वाचून दाखवणारा मात्र लेखकही नसतो आणि चित्रकारही नसतो. त्याचे स्थान पोथी वाचणाऱ्यासारखे आहे, जो ग्रंथाचा कर्ता असल्याचा दावा करत नाही. म्हणून वाचनाच्या आधी लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव उच्चारणे हा शिष्टाचाराचा भाग न राहता नैतिक भाग होतो. त्या उच्चाराने वाचणारा कबूल करतो की येथून पुढचा ‘मी’ उसना आहे आणि तो परत करायचा आहे.

अखेरची शंका श्रद्धावान आईबापांची आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परप्रांतात आधीच स्वतःची भाषा व देवघर सांभाळताना दमछाक होत असता मुलाला आणखी परक्यांच्या गोष्टी ऐकवल्या तर त्याला स्वतःचे असे काय उरेल? या शंकेचे एक उत्तर इतिहासात आहे. मराठीतील मुद्रित बालवाङ्मयाचा आरंभ मानले जाणारे ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ साली छापले गेले ते तमिळ प्रदेशातील तंजावरात, जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झच्या देखरेखीखाली शिकलेल्या सरफोजीराजांच्या छापखान्यात, आणि त्यातील गोष्टी ग्रीक इसापाच्या होत्या. मराठी मुलाची पहिली छापील गोष्ट महाराष्ट्राबाहेरची आणि परक्याची होती, आणि त्यामुळे मराठी कमी मराठी झाली नाही.

दुसरे उत्तर परकायाप्रवेशाच्या आणि परक्या जगात हरवण्याच्या कथांत आहे. माधवाच्या नावावर असलेल्या ‘शंकरदिग्विजया’त शंकराचार्य अमरू राजाच्या मृत देहात शिरतात आणि मुदत उलटूनही परतत नाहीत तेव्हा शिष्य गायकांच्या वेषात दरबारात येऊन गाण्यातून त्यांना स्वरूपाची आठवण देतात. मराठी घरांत पोथीरूपाने वाचल्या जाणाऱ्या ‘नवनाथ भक्तिसारा’त स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्रनाथांना गोरक्ष मृदंगाच्या बोलांतून जागे करतो. दोन्ही कथांनी धोका मान्य केला आहे, की गेलेला विसरू शकतो. आणि दोन्ही कथांनी उपायही एकच सांगितला आहे, ओळखीचा नाद. त्यात बळजबरी नाही की प्रवेशाची बंदी नाही. के. आर. पुरमच्या एखाद्या घरात रात्री मराठीतून वाचल्या जाणाऱ्या परक्याच्या गोष्टीत हा नाद वेगळा मागवावा लागत नाही, कारण मुलाला त्या दूरच्या देहात घेऊन जाणारा आणि तेथून हाक मारून परत आणणारा आवाज एकच असतो. पुस्तक मिटल्यावर चित्रातला मुलगा त्याच्या पानावर, त्याच्या घरी राहतो, ऐकणारे मूल आपल्या अंथरुणात परत येते, आणि दोघांच्या मध्ये येण्याजाण्याची एक वाट तेवढी उरते.